सहा मिनिटांचा खेळाडू

११ ऑगस्ट, रविवार
बॉस्टनच्या आयरिश फुटबॉल बोर्डाचं पत्र आलं. यंदाच्या चॅम्पियनशिपमध्ये एकही मॅच न जिंकलेला क्लब शेजारच्या क्लबात विलीन होणार. आमच्या नेपॉन्सेट रोव्हर्सची एकच मॅच उरली आहे, पुढच्या रविवारी, सार्सफील्ड्सशी. विलीन व्हायचं तेही त्यांच्यातच. मॅनेजर म्हणून मी शांत आहे.
निश्चय: आयर्लंडहून शनिवारच्या विमानाने कोणाला आणायचं नाही. दुसऱ्याच्या नावावर कोणी खेळायचं नाही. सगळं स्वच्छ. अट्रॅक्टा म्हणाली, स्वच्छ ठीक आहे, पण मैदानात उतरणार कोण? बायकोला डावपेच कळत नाहीत.

१३ ऑगस्ट
प्रॅक्टिस. सात जण आले. त्यातला एक कुत्रा फिरवायला आला होता. सुट्टीपुरते आलेले कॉलेजचे खेळाडू परत आयर्लंडला गेले. आमचा कॅप्टन मॅलकी छपरं शाकारतो, त्यामुळे सगळ्यांकडे वरूनच बघतो. म्हणाला, ‘कॉलमन, तूच उतर राखीव म्हणून. निदान फोटोत पंधरा-सोळा दिसू.’
वय शेहेचाळीस. गुडघा उत्तम आहे. फक्त जिने नकोत.

१८ ऑगस्ट, रविवार
जिंकलो! एका पॉइंटने!! शेवटची सहा मिनिटं मी मैदानात होतो. बॉल एकदा लागला, पाठीला. पण तो आमच्या गोलकडे चालला होता.
मॅलकीने मला उचललं. एवढा मोठा माणूस रडत होता.

१९ ऑगस्ट
आज लक्षात आलं, कालच्या आधी मी इथे कधी खेळलोच नव्हतो. म्हणजे जुन्या क्लबातून इथे येण्याच्या, ट्रान्सफरच्या कागदावर सही केलीच नव्हती. एकोणीस वर्षं दर मार्चला कागद पुढे आला, दर मार्चला वाटलं, पुढच्या वर्षी घरी परत जायचंच आहे, उगाच कशाला. म्हणजे नियमाने मी अजून आयर्लंडात स्लायगोतल्या माझ्या गावाचा, किलाव्हरी क्लबचा. म्हणजे काल बोर्डाच्या लेखी आमच्याकडून दुसऱ्याच क्लबचा माणूस खेळला...
तांत्रिक बाब आहे. तरी जेवण गेलं नाही.

२० ऑगस्ट
मॅलकीला सांगितलं. तो म्हणाला, ‘गप्प बस, बाबा. हात जोडतो. पाठीला बॉल लागला याला खेळणं म्हणत असतील तर चर्चची बाकंसुद्धा खेळाडू.’ अट्रॅक्टा म्हणाली, कबुलीजबाब पाद्र्यापुढे द्यायचा असतो, बोर्डापुढे नाही.
दोघांचंही खरं असेल. पण आपण होऊन सांगणाऱ्याला बोर्ड शिक्षा कशी करेल? उलट उदाहरण म्हणून नाव घेतील.

२१ ऑगस्ट, सकाळी ७.१०
बोर्डाला ईमेल पाठवली. हलकं वाटलं.
७.२५: परत मागवता येत नाही.

२४ ऑगस्ट
निकाल. मॅच सार्सफील्ड्सला बहाल. आमचा क्लब सप्टेंबरपासून त्यांच्यात. अध्यक्षांनी माझे खास आभार मानले, म्हणाले, एवढी नीट मांडलेली तक्रार फार दिवसांनी वाचली.
मॅलकी बोलत नाही. चव्वेचाळीस वर्षांचा क्लब.

२६ ऑगस्ट
अपील! किलाव्हरीने मला पूर्वीच मोकळं केल्याचं लिहून दिलं, तर मार्ग निघेल. तिथल्या सेक्रेटरी डॉमनिकला फोन केला. एकाच बाकावर शिकलो आम्ही. तो म्हणाला, ‘कुठला कॉलमन?’ मग म्हणाला, ‘हो हो, तू! अरे, तुझं नाव आम्ही दोन हजार आठलाच काढलं. जागा अडवून कशाला ठेवायची?’ आई कशी आहे, त्याने विचारलं. आईला जाऊन सहा वर्षं झाली. तोच खांदा द्यायला होता.
बोर्डाला विचारलं. कुठल्याच क्लबात नसलेला माणूस तर मुळीच खेळू शकत नाही, म्हणाले.

३१ ऑगस्ट
गाडीच्या वायपरखाली नव्या क्लबचा फॉर्म. अक्षर मॅलकीचं, वर फक्त ‘शुक्रवारपर्यंत’. बसून भरला. नाव. पत्ता. ‘खेळणार का?’ नाही. पुढे ‘आधीचा क्लब’.
अट्रॅक्टा दोनदा जेवायला बोलावून गेली. शेवटी तिथे एक रेघ मारली.