खातं सांभाळायचा खर्च

३ जून, मंगळवार

घड्याळबाईच्या लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला! आठच्या ठोक्याला आली. दहा वर्षांत कधी आठ वाजून एक मिनिटाने आलेली नाही, म्हणून तर हे नाव. चपला काढता काढताच सांगितलं. मी मिठी मारली. "अहो ताई, अंग घामेजलंय माझं!"

बारा हजार भरायचे आहेत, तेरा तारखेच्या आत. नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. मी म्हटलं, काळजी कसली, पैसे बँकेत आहेतच की! सहा वर्षं ती माझ्या आईच्या उशाशी बसली. पगारातले दरमहा दोनशे मी परस्पर तिच्या खात्यात टाकायची. खातं मीच काढून दिलं, ओळखीची सही माझी. "याला हात लावायचा नाही," असं बजावलंही होतं. पासबुक माझ्या कपाटात, हरवू नये म्हणून. कार्ड तेवढं तिच्याकडे. आई जाऊन चार वर्षं झाली, भरणं तेव्हाच थांबलं. म्हणजे चौदा हजार चारशे, वर व्याज!

"राहू द्या ताई, मी बघते पैशाचं." भिडस्त आहे. उद्या मीच जाऊन पासबुक भरून आणते, मग बोलू.

४ जून

शून्य.

५ जून, गुरुवार

काल त्या शून्यापुढे काही लिहवलं नाही.

आमची जुनी छोटी बँक मोठ्या बँकेने गिळली, हे माहीत होतं. जुनं पासबुक आता चालत नाही म्हणे. नवं दिलं. त्यात एकच ओळ — शिल्लक शून्य. खिडकीतल्या मुलीला म्हटलं, "अगं, चौदा हजार होते यात!" तिने मानही वर केली नाही. "चार्जेस लागले असतील, आजी." कसले? किमान शिल्लक नसल्याचे. किमान किती? पंचवीस हजार!

पंचवीस हजार असते तर ती बाई दुसऱ्यांची भांडी घासत बसली असती का?

जुन्या नोंदी दाखव म्हटलं. पानामागे शंभर पडतील, म्हणाली. माझं स्वतःचं चोरीला गेलेलं काय ते बघायला मीच तिकीट काढू? एक पै देणार नाही, असं सांगून आले. बाहेर पायरीवर उभी राहून अक्षरशः थुंकावंसं वाटलं. कॉन्व्हेंट शाळेतल्या मदरनी पाहिलं असतं तर!

६ जून, शुक्रवार

मॅनेजरला भेटले. पोरगाच आहे, गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं.

"मॅडम, खातं सांभाळायला आम्हालाही खर्च येतो. जागेचं भाडं, माणसांचे पगार, मशीन. छोट्या खात्यात काही सुटत नाही."

म्हटलं, "तिच्या पैशांवर तुम्ही कर्जं देता, व्याज खाता, ते?"

"त्यातूनच तर मोठ्या ग्राहकांना सगळं फ्री देता येतं ना!"

हे हसत हसत म्हणाला! शेजारच्या खुर्चीत असाच एक मोठा ग्राहक बसला होता. त्याच्यापुढे चहा, बिस्किटं. त्याला शुल्क नाही, रांग नाही. ज्याच्याकडे आहे त्याला फुकट, ज्याच्याकडे नाही त्याला नसल्याचा दंड. आणि त्या चहाचे पैसे कुणाचे? शिसारी आली. मला विचारलं, "चहा घेणार?" मी म्हटलं, "नको. माझ्याच माणसाच्या रक्ताचा आहे."

धाकट्या भावाला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "ताई, तू बँकेत गेली होतीस की वर्ग घ्यायला?"

८ जून, रविवार

लहानपणी शाळेत शुक्रवारी बँकेतले गृहस्थ यायचे. मदर आमची रांग लावायच्या. एक नाणं दिलं तरी ते उठून "थँक यू, मिस" म्हणायचे. मी सात वर्षांची! निळ्या पासबुकात शाईने आकडा लिहायचे आणि वर टिपकागद हळूच दाबायचे, जणू आकड्याला लागेल. बँक म्हणजे ते हात, असंच मी आजवर समजत आले. त्याच भरवशावर घड्याळबाईला नेऊन उभं केलं.

मूर्ख मी.

९ जून, सोमवार

ठरवलं. तिला काही सांगायचं नाही. माझ्या बचत खात्यातले बारा हजार तिच्या खात्यात भरले. ती कार्डाने काढेल, शुल्क भरेल, प्रश्न मिटला. हलकं वाटतंय. येताना स्वतःसाठी मोगरा घेतला.

१० जून, मंगळवार

नीच! नीच लोक!

पासबुक भरायला गेले. शिल्लक सहाशे बहात्तर. बाकीचे अकरा हजार तीनशे अठ्ठावीस "थकीत शुल्क" म्हणून त्याच क्षणी वळते केले. पैसे खात्यात एक रात्रही झोपले नाहीत! तो पोरगा म्हणाला, "सिस्टिम आपोआप घेते, मॅडम. कुणी मुद्दाम नाही केलं." हे म्हणे सांत्वन!

मी म्हटलं, "चौदा हजार गिळून वर आणखी इतकी थकबाकी राहतेच कशी?" तर म्हणाला, "जुना तपशील काढून बघा ना." पुन्हा तेच शंभर! टेबलावर पासबुक आपटून निघाले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत आवाज चढवला. रस्ताभर तोंड कडू होतं.

११ जून

आता ठेव मोडल्याशिवाय माझ्याकडेही काही नाही. तिच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही. चहा ठेवून आतल्या खोलीत जाऊन बसते. तिने विचारलं, "ताई, माझ्यावर रागावलात का?"

१२ जून, गुरुवार

ठेव मोडायचा अर्ज केला. त्यालाही शुल्क! पैसे उद्या दुपारी हातात मिळतील. पण सकाळी आठ वाजता आधी खरं सांगायचं — तुझा पैसा मी बुडवला.

१३ जून, शुक्रवार

सांगितलं. तिने पोळपाट बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ताई, लेकीचे पैसे मी सोमवारीच भरले."

चार वर्षांपूर्वी बँकेने तिचे पहिल्यांदा एकोणीस रुपये कापले. मेसेज पाठवल्याबद्दल! त्याच आठवड्यात तिने कार्डाने सगळे काढले आणि बायकांच्या भिशीत लावले. "घरच्या डब्यातून कुणी न विचारता एकोणीस काढले, तर तो डबा मी तिथेच ठेवीन का?"

मला का नाही सांगितलंस?

"तुम्ही एवढ्या हौसेनं खातं काढून दिलेलं. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

माझ्या बारा हजारांचं मी तिला सांगितलेलं नाही. वाईट वाटेल तिला.