डॉक्टरला ओळखू दे

३ मार्च
पोटात परत कळ. उजवीकडे बरगडीखाली, पार पाठीपर्यंत. सून म्हणाली, आई, इमर्जन्सीत चला. गेले. अर्धा दिवस बाकड्यावर. मग डॉक्टर आला. मिसरूड धड फुटलेलं नाही, नजर कॉम्प्युटरवर. कुठं दुखतं म्हणे. पोटात. पोटात कुठं? म्हटलं, शिकलात ना एवढं? ओळखा. माझं इस्त्रीचं दुकान आहे. गिऱ्हाईक शर्ट टाकून जातं, सुरकुती कुठं आहे ते मी विचारत बसत नाही.
ॲसिडिटीची गोळी दिली. नापास.

५ मार्च
ठरलं. डॉक्टर स्वतः ओळखेपर्यंत तोंड उघडायचं नाही. सुनेलाही दम भरला, मध्ये बोललीस तर बघ. म्हणते, आई, ही काय कोडी घालायची वेळ आहे का? हिला काय कळतंय.

७ मार्च, दुपारी
उलटी झाली. इस्त्री तशीच राहिली, गिऱ्हाइकाची पँट जळली. हेही त्या गोळीवाल्याचंच पाप.
परत इमर्जन्सी. आज डॉक्टरीणबाई. उभ्या उभ्याच विचारणं, जसं काही मागे कुत्रं लागलंय. ताप? नाही. (होता.) तळलेलं खाल्लं की दुखतं का? बाई वाटेवर आली होती, पण आपण हो म्हटलं तर तिनं ओळखलं कसं म्हणायचं? म्हटलं, नाही. दहापैकी किती दुखतंय? मार्क तुम्ही द्या, म्हटलं. सिस्टर फिसकन हसली. भवानी.
परत गोळी. इथं माणसाशी कुणी बोलतच नाही.

८ मार्च
डोळे पिवळे. सुनेनं गाडीत घातलं नि तिथं पोचताच ती डॉक्टरीणबाईंपुढं सगळं ओकली. महिनाभर दुखतंय, तळलेलं बाधतं, ताप लपवला. घरभेदी मेली. डॉक्टरीणबाई आज खुर्ची ओढून बसल्या. सोनोग्राफी केली. पित्ताच्या पिशवीत खडे, एक नळीत अडकलाय. लगेच काढायला हवा, नाहीतर जिवावर बेतेल. ॲडमिट केलं. मग कागदावर चित्र काढून उद्याचं सगळं समजावलं. माझ्याशी एवढं आजवर कुणी डॉक्टर बोललं नव्हतं. बरं वाटलं. अर्धं इंग्रजीत गेलं, पण सुनेदेखत विचारायचं कुणी? मी मान डोलावत राहिले. कळलं ना, म्हणाल्या. म्हटलं, न कळायला मी काय अडाणी आहे?

९ मार्च, सकाळी
कालपासून चहाचं कुणी विचारलं नाही. माणुसकी म्हणून नाही. पिशवीत बिस्किटं होती. सून तोंड धुवायला गेली तशी चार खाल्ली. जिवात जीव आला.
स्ट्रेचर आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोटात काही गेलंय का? नाही, म्हटलं. आता सवयीनं येतं ते. सुनेनं माझ्या अंगावरचा चुरा झटकला.
आज रद्द. भरल्या पोटी भूल दिली तर अन्न श्वासात जातं, माणूस दगावतो, कालच सांगितलं होतं म्हणे. ते होतं होय ते! स्ट्रेचर शेजारच्या बाईला घेऊन गेला. ती गुमान गेली.

९ मार्च, दुपारी
कळ वाढलीय. ठरवलं, आता काही लपवायचं नाही. डॉक्टरीणबाई आल्या तशी सावरून बसले. म्हटलं, विचारा, सगळं सांगते.
त्या सुनेकडे वळल्या. उद्याचं सगळं तिला सांगितलं, तिनं एकेक परत विचारून घेतलं. दोघी माझ्या डोक्यावरून बोलत होत्या. पेशंट हे करेल, पेशंटला ते देऊ नका.
मी म्हटलं, दुखतंय. दहापैकी नऊ.
सून म्हणाली, आई, जरा गप्प बसा, डॉक्टरांना बोलू द्या.