फक्की मारणारा कोच

प्रिय इसहाक, सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस, ताई, आवाज का उतरलाय. घसा बसलाय, असं मी म्हणाले. हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून इथे खरं लिहिते.

कोल्हारच्या मैदानावर अठरा उन्हाळे मी पोरींना खो-खो शिकवला. यंदा शिबिराच्या समितीला एकदम आठवलं, की कोचकडे प्रमाणपत्र पाहिजे. कुणीतरी मोबाईलवर वाचलं म्हणे, इंग्लंडात पोलिसांचा दाखला लागतो, जर्मनीत परवाना, कॅनडात परीक्षा. मी म्हटलं, घ्या माझी परीक्षा. तर म्हणे, शिबिर सोमवारी, आता कुठली परीक्षा?

मग शिकवणार कोण, विचारलं. समितीच्या कारभारी सरांनी तुझा फोटो दाखवला. गळ्यात शिट्टी, छातीवर कॅनडाचा बिल्ला. "सुट्टीवर येतायत ना ते? तुमचाच भाऊ हाय मॅडम, राग नका धरू."

इसहाक, तिकडच्या परीक्षेला बसायला तुला अनुभवाचा दाखला लागला, तो मीच लिहिला. पाच वर्षं कोच होता, असं. खरं तर तू फक्त दोन उन्हाळे मैदान आखायला चुन्याची फक्की मारलीस, तीही वाकडी. हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तुझी नोकरी जाईल.

तर ये. शिट्टी तू वाजव. प्रमाणपत्र न लागणारं एक काम त्यांनी मला दिलंय. सोमवारी सकाळी फक्की मी मारणार आहे. रेघा सरळ येतील.

तुझी ताई,
मरिया