पाणी पिऊन निघाले

उठलास की फोन हातात घेण्याआधी हे वाच.

तुझ्या शाळेच्या बसचा मार्ग तू कसा झकास बसवलास, ते काल जेवताना तू हसत सांगितलंस. कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंची मुलगी चाकाच्या खुर्चीत. खुर्ची चढवायला वेळ लागतो, म्हणून ती सगळ्यांच्या आधी चढणार आणि सगळ्यांच्या शेवटी उतरणार. एवढ्या वेळात तिला लघवी लागते, म्हणून तू तिच्या आईला सांगितलंस, पोरीला सकाळी पाणी देऊ नका. वर मला म्हणालास, "अगं, तूसुद्धा पूजेपर्यंत पाणी घेत नाहीस. काय बिघडतं तुझं?"

जेवताना कुणाला वाईट बोलायचं नाही हा माझा नेम मी पाळला. पण तुझ्या हसण्याची किळस आली रे. रात्रभर गेली नाही. मी तहानलेली राहते ती माझ्या देवासाठी, माझ्या मर्जीने. ती पोर तहानलेली राहते तुझ्या सोयीसाठी.

आज पूजेआधीच तांब्याभर पाणी प्यायले. तू ढाल म्हणून पुढे केलेलं व्रत आता माझ्याने होणार नाही. बाईंकडे निघाले आहे. मुलीला पोटभर पाणी द्या असं सांगेन आणि बसमध्ये तिच्या शेजारी बसेन. तू तिला शेवटी चढव, आधी उतरव. बाकीच्यांचा खोळंबा होऊ दे.

डबा भरला आहे. पाण्याची बाटली मुद्दाम रिकामी ठेवली आहे. शाळा सुटेपर्यंत भरू नकोस.

आई