तांदळातलं नाव

१२ डिसेंबर २००३

जमलं! वेलांटी अखेर वठणीवर आली.

किती दिवस छळत होती. सॉफ्टवेअरमधला तयार टायपरायटर इफेक्ट इंग्रजीत काय झकास चालतो, टकटक करत एकेक अक्षर येतं. मराठी फॉन्ट लावला की सगळा बट्ट्याबोळ! 'पल्लवी'चा आधी अर्धाच प येतो, मग काना येऊन तो पुरा होतो. 'किरण'ची वेलांटी एकटीच पुढे येऊन उभी, क मागून सावकाश. लग्नाच्या कॅसेटवर नवऱ्या मुलीचं नाव असं तुकड्यातुकड्यांनी आलेलं कोणाला चालेल?

हिरामणदादा म्हणाले, "बाई, एकदम टाक नाव आणि मोकळी हो. लोक पंगती बघतात, अक्षरं नाही." दादा स्टुडिओचे मालक. कॅमेऱ्यात त्यांचा हात धरणारा नाशकात अख्ख्या गंगापूर रोडला नाही. पण टायटल हा माझा प्रांत! मी पूर्ण नाव जागेवर ठेवलं, त्याच्यावर झाकण घातलं आणि ते झाकण थोडं थोडं काढत नेलं — हात लिहितो तसं. आधी अक्षरं, आणि सगळ्यात शेवटी वरची रेघ, एका दमात. शाळेत तसंच तर गिरवलं होतं.

दादांनी बघितलं. लगेच चहा मागवला. दादा स्वतःहून चहा मागवतात म्हणजे काम फत्ते.

२० डिसेंबर

आता तांदूळ. नवरी सासरी आली की लक्ष्मीपूजनाला नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहितो. शूटिंगमध्ये ते कधी धड दिसत नाही, ऐन वेळी कोणीतरी आत्याबाई मध्ये डोकं घालतात. म्हणून मी स्टुडिओतच ताटात तांदूळ पसरून वरून शूट केलं. पडद्यावर आधी माहेरचं नाव दाण्यादाण्याने विरतं, मग सासरचं दाण्यादाण्याने उमटतं. चांदवडच्या पार्टीला दाखवलं तर नवरीची मामी पदराने डोळे पुसायला लागली!

दादा म्हणतात, आता सगळ्यांना तेच पाहिजे. द्या म्हटलं. मला काय, नवं नाव कळवा फक्त.

४ जानेवारी २००४

साखरपुडा झाला. योगेश, घोटी. त्यांची भाताची गिरणी आहे. मला आवडला — हसताना आधी डोळे हसतात, तोंड नंतर. लग्नानंतर घोटीहून एसटीने स्टुडिओत येईन म्हटलं, तर त्याच्या वडिलांनी लगेच मान डोलावली. म्हटलं, वा!

आणि मग त्याची आई, वत्सलाबाई, बाकीच्या बायकांना म्हणाल्या, "योगेशची योगिनी. कसं शोभतं!"

कोण योगिनी? मी??

५ जानेवारी

रात्री झोप नाही. मी ज्योत्स्ना आहे. प्रत्येक कॅसेटच्या शेवटी येतं — संकलन : ज्योत्स्ना. त, स, न असे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसलेले, ते सुटे न पडता उमटवणारी नाशकात मी एकटी आहे. आणि हे नाव मी ताटात विरवून टाकू? नाही म्हणजे नाही. लग्न करायचंय, पण ज्योत्स्ना म्हणूनच.

योगेशला फोन केला. "मला ज्योत्स्नाच आवडतं," म्हणाला. "पण आईला तू सांग." वा रे शूर!

मग त्याने दिला फोन आईंकडे. स्पष्ट सांगितलं. मग — "आमच्यात बदलत्यात पोरी. माझं बी बदललं. मी काय मेले का?"

मी म्हटलं, "आई, तुमचं आधीचं काय होतं?"

फोन ठेवला त्यांनी.

९ जानेवारी

डोकं थंड झालं. सोपं आहे की! नाव लिहिणार कोण? योगेश. अंगठी कोणाच्या हातात? योगेशच्या. त्याने शब्द दिलाय, ज्योत्स्नाच लिहीन, चारचौघांत. एकदा लिहिलं की त्या बदलणार कशा? खिशात घातलं मी हे प्रकरण.

२५ जानेवारी

बस्त्यासाठी घोटीची मंडळी नाशिकला आली होती. साड्यांच्या दुकानातून आई एकट्याच माझ्या स्टुडिओत आल्या. "बघू तरी तू काय करती ते."

मी खुर्ची दिली, चांदवडचं लग्न लावलं. तांदळातून नाव उमटलं तशा पुढे सरकून बसल्या. तांदूळ मात्र त्यांना पटला नाही. "हा कोणता घेतलास? कणी लय हाय यात. आमच्या गिरणीचा घ्यायचा." मला हसूच आलं.

म्हटलं, "तुमचं नाव टाकू?"

"टाक. वत्सला." मी टाइप करायला लागले, तर दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "नको. माहेरचं टाक. नवसा."

टाकलं. न, मग व, मग सा, शेवटी वरची रेघ. आई स्क्रीनकडे बघत राहिल्या. "रेघ शेवटीच काढायची," म्हणाल्या. "आमचे मास्तर बी तसंच सांगायचे. चौथीपोत शिकले मी."

"परत लाव," म्हणाल्या. परत लावलं.

मला वाटलं, आता हीच वेळ! म्हटलं, "आई, मग माझंही नाव —"

तशा उठल्या. "ते पुसून टाक आता. कोणी बघंल." आणि गेल्या.

स्वतःचं नाव पुसायला सांगते ती बाई माझं काय ठेवणार! असो. अंगठी योगेशकडे आहे.

२ फेब्रुवारी

योगेशचा फोन. 'त्स्न' लिहायला जमत नाही म्हणे, परातीत तांदूळ घेऊन गिरवतोय! भाताच्या गिरणीचा मालक आणि तांदळात नापास.

१६ फेब्रुवारी

लग्न झालं. आता घोटीत, माडीवर बसून लिहितेय. खाली बायकांचा गलका चालू आहे.

जिंकले आणि हरले. दोन्ही.

माप ओलांडून आत आले, पाटावर बसले, ताट समोर आलं. योगेशने खरंच लिहिलं — ज्योत्स्ना! जोडाक्षरसुद्धा बरोबर. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात बायका उखाण्यासाठी त्याच्या मागे लागल्या, तो अडखळला, सगळे त्याच्याकडे बघून हसायला लागले. आणि आई वाकल्या. मुंडावळ्यांतून मला एवढंच दिसलं — त्यांचा हात तांदळात फिरला. सपाट केलं आणि ताट उचलून आत नेलं.

कोणी वाचलंच नाही. पुसलं माझं नाव!

योगेश म्हणतो, "अगं, तांदूळ सांडतील म्हणून उचललं असेल." ह्याला आई म्हणजे देव.

रडले. मग तोंड धुतलं. मी काही योगिनीला ओ देणार नाही. घसा बसेपर्यंत हाक मारू देत.

२४ फेब्रुवारी

गंमत म्हणजे योगिनी कोणी म्हणतच नाही. ज्योत्स्ना पण नाही. आईंचं चालतं — "अगं", "ऐकलं का पोरी", "ती खालची कोठी उघड". बिननावाची सून! शेजारच्या साळूबाईंनी आज विचारलं, "नवरीचं नाव काय ठेवलं?" आई म्हणाल्या, "चहा घे, निवतोय."

विचारणार आहे सरळ. भीती कशाची?

२७ फेब्रुवारी

विचारलं नाही. उद्यापासून स्टुडिओ. पहिलं काम — माझंच लग्न. दादा म्हणाले दुसऱ्या कोणाला देऊ का. म्हटलं, हात तर लावून बघा!

तांदळाच्या ताटाशी मी माझा इफेक्ट टाकणार आणि 'ज्योत्स्ना' असं ठसठशीत उमटवणार. घोटीत ज्याला बघायचंय त्याने बघावं.

३ मार्च

ती जागा आली. दादांनी खांद्यावरून छान जवळून घेतलंय. योगेशने लिहिलेलं माझं नाव, ताटाच्या वरच्या अंगाला. मग आईंचा हात येतो. मी दातओठ खात एकेक फ्रेम पुढे सरकवली.

हात माझ्या नावाकडे जातच नाही. खाली, ताटाच्या कडेला, एक बोट हळूहळू फिरतं — न. व. सा. शेवटी वरची रेघ. मग तळव्याने तेवढंच पुसलं, आणि माझं नाव हलू न देता ताट दोन्ही हातांनी आत नेलं.

तेवढा तुकडा उलटा चालवून पाहिला. तळवा मागे गेला आणि तांदळातून नवसा वर आली. इफेक्टची गरजच पडली नाही.

ही कॅसेट आधी एकट्या आईंना दाखवणार, घरात कोणी नसताना.