आडवे रीळ आणि हिरव्या फितीची टोपी

मी, लिओटा फे स्ट्रिकलर, वय वर्षे ७९, धंदा माशांच्या आमिषाचे दुकान व गळाच्या काठीवरील रिळांची दुरुस्ती, राहणार टँडी तलावाकाठी, हॅकबेरी क्रॉसिंग, राज्य ओक्लाहोमा, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करावे हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. तरीही कोणाला शंका असेल तर त्याने एखादे बिघडलेले रीळ घेऊन दुकानात यावे, मी ते त्याच्यासमोर उघडून पुन्हा जोडून दाखवीन. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही, आणि ती करण्याची आमच्या घरात कोणाची छातीही नाही. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, पण तेव्हा मी मुलावर चिडलेली होते, त्यामुळे ते रद्द समजावे.

आमच्या वकील इमोजीन पार्क म्हणाल्या की हे टाइप केलेले बरे. मी नाही म्हटले. मग त्यांनी बजावले की काही बदलायचे झाले तर खाडाखोड करू नका, एक रेघ मारा आणि खाली कारण लिहा. ते पुढे उपयोगी पडेल.

कलम १. राहते घर सामानासकट मुलगी नदीन हिला. पश्चिमेकडची खिडकी वाऱ्याने वाजते, ती दुरुस्त करू नये. त्या आवाजावरून अंथरुणातच कळते की आज आमिष किती जड लावायचे.

कलम २. दुकान, गांडुळांचा फ्रीज आणि दारावरचा झेंडा मुलगा रॉइस यास. रॉइस पवनचक्क्यांवर चढून दुरुस्तीचे काम करतो आणि घरी आला की म्हणतो, “आई, जेवताना वाऱ्याचं नाव काढू नकोस.” त्याला दुकान नको असेल तर भाड्याने द्यावे, पण झेंडा रोज सकाळी चढवावा. सगळा गाव तो बघून तलावावर जायचे की नाही ते ठरवतो. सकाळी सहाची कॉफी फुकट आहे, ती फुकटच राहील. कोपऱ्यातली लाकडी खुर्ची क्लोव्हिस टिडवेल यांची आहे. हे निवृत्त स्कूल बस ड्रायव्हर असून माझे दिवंगत पती हार्लन यांचे शाळेपासूनचे मित्र. ते रोज सहाला येतात. यापुढे मी त्यांना नुसते क्लोव्हिस लिहीन, कारण समोरासमोर मी कधी जास्त काही म्हटलेले नाही.

कलम ३. बँकेत जे काही निघेल ते नदीन आणि रॉइस यांनी सारखे वाटून घ्यावे. त्यावरून भांडण झालेच तर सगळे पैसे मेथडिस्ट चर्चला द्यावेत. म्हणजे भांडण होणार नाही.

कलम ४. दुरुस्तीचे बाक, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, तेलाची कुपी आणि गुंते सोडवायची विणकामाची सुई, हे सर्व नदीनला. ती दातांच्या दवाखान्यात काम करते. असल्याच बारीक हत्यारांनी लोकांच्या तोंडात खुडबुड करते, तर रिळाला घाबरायचे कारण नाही.

कलम ५. माझी नणंद ओव्हिटा हिने २००६ साली चर्चच्या जेवणात जाहीरपणे सांगितले की माझा पिकान पाय, म्हणजे अक्रोडासारख्या पिकानचा भाजलेला गोड पदार्थ, दुकानातून विकत आणलेला आहे. तिला मी माझी कृती सोडते, एकही जिन्नस न लपवता. आणि आता कोणी माझे काही करू शकत नाही म्हणून लिहून टाकते, त्या एका वर्षी तो खरोखरच विकतचा होता. ओव्हिटाची जीभ कायम चुरुचुरु चालते, पण चव तिला कळते हे मला मान्य करावे लागेल.

कलम ६. गवताची टोपी, हिरव्या फितीची. ही हार्लनने मला लग्नाच्या पहिल्या वर्षी घेऊन दिली होती. एप्रिल १९८८ मध्ये धरणाच्या भिंतीवरून ती वाऱ्याने उडाली आणि तलावात गेली. मी ती गेली असे समजून रडूनही घेतले. सोमवारी सकाळी दुकान उघडायला आले तर टोपी दाराच्या मुठीला अडकवलेली. वाळवलेली, आणि आकार जाऊ नये म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे भरलेले. हार्लनला विचारले तर तो म्हणाला, “मी नाही बाई, मला तर वाकताही येत नाही.” ज्याने कोणी ती काढली त्याचे आभार मानायचे राहून गेले. टोपी माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावी.

~~कलम ७~~ (रेघ मारली आहे. कारण शेवटी दिले आहे.) माझे जुने आडवे रीळ काठीसह, आणि अ‍ॅल्युमिनियमची नाव, ही दोन्ही क्लोव्हिसला. हे कलम त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे आणि वाचताना त्याने मला शिव्या दिल्या तर कोणी अडवू नये.

आडव्या रिळात दोरा एका चाकावर गुंडाळलेला असतो. काठी झटकून आमिष फेकले की ते चाक भणभणत फिरते, आणि त्यावर अंगठा अलगद टेकवून ठेवावा लागतो. समोरून वारा असला की आमिष हवेत अडखळते, पण चाकाला त्याचा पत्ता नसतो. ते दोरा सोडतच राहते आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत रिळावर असा गुंता होतो की दुपार वाया जाते. बाजूला एक छोटा स्क्रू असतो. वारा असेल तर तो आवळायचा, म्हणजे चाक आवरते. उभ्या रिळाला यातले काही लागत नाही, ते नवखेही वापरतात. म्हणून आमच्याकडे जाणत्या माणसाच्या हातात उभे रीळ दिसले की लोकांना हसू येते.

एप्रिलमध्ये ज्या शनिवारी दुकानाचा झेंडा ताठ आडवा होतो, तो आमचा वाऱ्याचा शनिवार, म्हणजे स्पर्धेचा दिवस. धरणाच्या भिंतीवर वाऱ्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि तीस पावलांवर तरंगणाऱ्या ट्रॅक्टरच्या टायरमध्ये आमिष टाकायचे. उभ्या रिळाला परवानगी नाही. ज्याचा गुंता होईल त्याने तिथेच बसून, सर्वांदेखत, हाताने तो सोडवायचा. चाकू लावायचा नाही. गुंता सुटेपर्यंत घरी जायचे नाही.

१९८८ साली बक्षीस ही नाव होती. दुकान नवे होते, हार्लनची पाठ नुकतीच मोडली होती, आणि भाड्याने द्यायला आमच्याकडे एकही नाव नव्हती. मला हरवू शकेल असा गावात एकच माणूस होता. शुक्रवारी क्लोव्हिसने त्याचे रीळ माझ्या बाकावर तेल घालायला ठेवले. मी तेल घातले, आणि स्क्रू अडीच फेरे सैल करून त्याला परत दिले. लोक माझ्या हातात विश्वासाने रीळ देतात, आणि मी त्या हाताने हे केले.

शनिवारी त्याच्या पहिल्याच फेकीला असा गुंता झाला की तो सोडवायला चार तास लागले. मी नाव घेऊन घरी गेले. त्या दिवसापासून क्लोव्हिसने आडवे रीळ हातात धरलेले नाही. एकतीस वर्षे उभे रीळ वापरतो. लोक विचारतात, “काय क्लोव्हिस, अंगठा घरी ठेवून आलास का?” तो हसतो आणि कॉफी ढवळतो. दर वेळी मी तोंड फिरवून गांडुळांच्या फ्रीजकडे जाते. मी त्याला सांगितले नाही, कारण सांगितले तर तो सहाला येणे बंद करील. हार्लन जाऊन सोळा वर्षे झाली. आता ती खुर्चीही रिकामी झालेली मला सोसवणार नाही. म्हणून मी मेल्यावरच सांगायचे ठरवले आहे, भित्रेपणा म्हटले तरी चालेल.

कलम ८. अंत्यविधी साधा करावा. पाद्रीबुवांनी दहा मिनिटांत आटपावे. नेमका वाऱ्याचा शनिवार आला तर मला रविवारपर्यंत थांबवावे, मला घाई नसेल.

दुरुस्ती, व तिचे कारण

आज शनिवार. पहाटेपासून पश्चिमेची खिडकी वाजते आहे. साडेआठला इमोजीन आल्या, साक्षीदार म्हणून पोस्टातल्या बर्निस ओकलीला घेऊन. दुसरा साक्षीदार ठरलेला होता, पण त्याने झेंडा पाहिला आणि तो परस्पर धरणावर पळाला. दुकानात एकटा क्लोव्हिस कॉफी पीत बसला होता.

“बरं झालं, हे आहेत,” इमोजीन म्हणाल्या. “या, इथे सही करा.”

“तो चालणार नाही,” मी म्हटले.

“का बरं? मला लिहिता येत नाही की काय?” क्लोव्हिस म्हणाला.

“लिओटाबाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळणार नसलं म्हणजे झालं,” इमोजीन म्हणाल्या. “मिळणार असेल आणि त्यानेच सही केली, तर त्याला दिलेलं रद्द होतं.”

मी कागद पालथे केले. क्लोव्हिस काही मूर्ख नाही.

“मला काय देतेयस गं?”

“मी मेल्यावर कळेल.”

“मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. तेवढा वेळ नाही माझ्याकडे. आण इकडे.”

त्याने कागद उचलले, चष्मा शर्टाला पुसला आणि खिडकीपाशी जाऊन वाचायला लागला. मी गांडुळांच्या डब्यांची झाकणे बसवत राहिले. ती आधीच बसवलेली होती. बर्निसने एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिले आणि स्वतःला कॉफी ओतून घेतली. माझ्या मनात एवढेच येत होते की उद्या सहा वाजता मी दोन कप काढीन की एक.

“अडीच फेरे?” क्लोव्हिसने विचारले.

“अडीच.”

“मला तीन वाटले होते.”

मी वळून पाहिले. तो अजून कागदच बघत होता.

“वाटले होते म्हणजे?”

“अगं, दुसऱ्याच्या बाकावरून आलेलं रीळ न बघता कोण फेकतो? गाडीतून उतरलो, आमिष लटकवून सोडून बघितलं, तर सरळ जमिनीवर. तिथल्या तिथे स्क्रू आवळला. म्हटलं, लिओटाच्या डोक्यात हार्लनच्या पाठीचं चाललंय, राहून गेलं असेल.”

“मग गुंता कसा झाला?”

त्याने कागद खाली ठेवले आणि जागेवर जाऊन बसला.

“तुझी टोपी उडाली,” तो म्हणाला. “मी आमिष फेकलं आणि त्याच वेळी तुझी टोपी उडाली. मी टोपीकडे बघत राहिलो. अंगठा कधी उचलला गेला ते कळलंही नाही.”

“अगंबाई,” बर्निस म्हणाली.

“एका अर्थी बरंच झालं. मी गुंता सोडवत बसलो, लोक कंटाळून घरी गेले, मग मला पाण्यात उतरता आलं. टोपी तरंगत्या बोयाच्या साखळीला अडकली होती.”

“आणि आडवं रीळ का सोडलंस मग? एकतीस वर्षं लोकांची बोलणी खाल्लीस.”

“पुन्हा हातात घेतलं असतं तर कोणीतरी विचारलंच असतं, की क्लोव्हिस, त्या दिवशी तुझ्यासारख्याचा एवढा गुंता झाला कसा. मला खोटं बोलता येत नाही.” त्याने कॉफी ढवळली. “आणि हार्लन माझा मित्र होता.”

“हार्लनला जाऊन सोळा वर्षं झाली.”

“तू तरी कुठे काही सांगितलंस?”

जे पाप मी एकतीस वर्षे उशाशी घेऊन झोपले, ते ह्या माणसाने गाडीजवळ उभ्या उभ्या दोन बोटांनी आवळून टाकले होते. मला हसू येत होते आणि रडूही येत होते. हसू आधी आले, आणि मग क्लोव्हिसही हसायला लागला. इमोजीन घड्याळ बघून म्हणाल्या, “लिओटाबाई, सही कोणाची घ्यायची ते ठरवा.”

“माझीच घ्या,” क्लोव्हिस म्हणाला. “मेल्यावरचं मला काही नको तिच्याकडून.”

म्हणून खालील बदल करत आहे.

कलम ७ रद्द. आडवे रीळ मी आज, जिवंतपणी, सर्वांसमोर क्लोव्हिसच्या हातात दिले आहे. देताना स्क्रू तपासला नाही. तो त्याने माझ्यादेखत तपासला, आणि माझ्याकडे बघून उगाच अर्धा फेरा जास्त आवळला. नाव माझ्या नावावर राहील. मी जिवंत असेपर्यंत पुढच्या फळीवर तो बसेल. माझ्यामागे नाव दोन्ही मुलांची, आणि ती काही न विचारता कोणाला नेऊ द्यायची ते हे वाचल्यावर त्यांना कळेल.

कलम ६ मध्ये बदल. टोपी पेटीत ठेवू नये. ती आज मला लागणार आहे. आभार मानायचे राहिले होते ते मानून झाले आहेत, कसे ते इथे लिहिण्याची गरज नाही. बर्निस तोंड फिरवून उभी राहिली होती, ती चांगली बाई आहे.

बाकीची कलमे जशी आहेत तशी राहतील. हे सगळे मी पुन्हा वाचले आहे आणि मला ते पटले आहे. इमोजीन म्हणतात अजून एकदा शांतपणे वाचा, पण झेंडा ताठ झाला आहे, टायर पाण्यात सोडला आहे, आणि धरणावर स्पर्धकांची नावे नोंदवणे साडेदहाला बंद करतात. आम्हाला दोन नावे द्यायची आहेत.

ठिकाण: स्ट्रिकलर यांचे आमिषाचे दुकान, हॅकबेरी क्रॉसिंग, ओक्लाहोमा
दिनांक: १३ एप्रिल २०१९, सकाळी दहा वाजता

(सही) लिओटा फे स्ट्रिकलर

आमच्यादेखत लिओटा स्ट्रिकलर यांनी शुद्धीत आणि आनंदात वरील सही केली, याची साक्ष:

(सही) बर्निस ओकली. कॉफी चांगली होती.

(सही) क्लोव्हिस टिडवेल. टोपीबद्दल लिहिले आहे ते खरे आहे. आज तिने फीत हनुवटीखाली घट्ट बांधावी, म्हणजे मला टायरकडे बघता येईल.