जावयाच्या डबीत उरलेली माणसं

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांची वेगवेगळी चौकशी. इकडे सगळं ठीक. फक्त जावईबापूंपायी माझा रक्तदाब जरा वर आहे.

त्यांना शोध लावायची खोड आहे, हे तू जाणतेसच. यावेळी त्यांनी कॉम्प्युटरमधली जागा वाचवणारी एक डबी बनवली. (साबणाच्या डबीएवढी. साबणाचीच असावी असा मला संशय आहे. आमच्या न्हाणीघरातली तेव्हापासून दिसत नाही.) ही डबी म्हणे सारखे दिसणारे फोटो हुडकते, त्यातला सगळ्यात स्पष्ट एक ठेवते आणि बाकीचे कायमचे पुसते. आमचा कॉम्प्युटर फोटोंनी तुडुंब भरलेला, म्हणून पहिला प्रयोग आमच्यावर. तोही फुकट. जावई सासऱ्याला काही फुकट करून देतोय म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी खोलीचं दार उघडं ठेवायला लावलं आणि समोरच खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो. (पेपर कालचा आहे, असं ते हसून म्हणाले. त्या हसण्याचा अर्थ मी अजून लावतोय.)

डबीने काम मात्र चोख केलं. तुझी भावजय प्रत्येक फोटोत मान तिरकी करते, त्यामुळे इतक्या वर्षांच्या सगळ्या सहलींत मिळून ती एकदाच उरली. माझाही एकच उरलाय. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत, पण अगदी स्पष्ट मिटलेले आहेत. शोध जावयाचा, आणि अबोला तिने धरलाय माझ्याशी.

तुझा,
धाकटा

ता. क. आईचा एकही फोटो उरला नाही. खुर्चीत बसून माझ्याकडे रागाने बघणारी आई आणि खुर्चीत बसून माझ्याकडे रागाने बघणारी तू, डबीला एकच बाई वाटली. तू जास्त स्पष्ट होतीस. जुना अल्बम तर वाळवीने कधीच खाल्ला. तेव्हा तुझ्या कपाटातला आईचा फोटो पाठव. पोस्टाने पाठव, मोबाईलवर नको. डबी अजून घरात आहे.

आणखी एक. ‘बाबा, आधी सगळ्याची दुसरी प्रत काढून ठेवू,’ असं जावईबापू पुन्हा पुन्हा सांगत होते. आपल्या घरच्या फोटोंची दुसरी प्रत यांना कशाला हवी, म्हणून मीच नको म्हटलं. हे तुझ्या भावजयीला कळता कामा नये.

आणि फोटो सापडला नाही, तर तूच ये. आईची फार आठवण येते. रोज तुझा फोटो उघडून बसतो. डबीचं फारसं चुकलेलं नाही, ताई.